हत्तबेडी

आता आम्ही सर्जापूर रोडला राहतो, लिफ्ट आहे, पण दिवसभर दाराशी कुणी येत नाही, आणि लेकीला घेऊन एकटीनं खाली उतरायचं मला अजून भ्या वाटतं. मग इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरातली तळमजल्यावरची ती एक खोली आठवत बसते.

माझा डावा पाय लहानपणापासून लुळा, चालायला लोखंडी पट्ट्यांचा बूट लागतो. गावाकडं पोरं त्याला बेडी म्हणायची. "आली बघा बेडीवाली." त्याच्यापायीच सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन बंगळूरला आले, इथं तो शब्द कुणाला ठाऊक नाही म्हणून बरं वाटायचं. पण बोलायलाही कुणी नव्हतं, कन्नड येत नव्हतं, नवरा सकाळीच वर्कशॉपात जायचा, लेक तान्ही.

श्रावणात वरच्या मजल्यावरच्या अक्कांकडं लक्ष्मी बसवली, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला वर चालल्या. मला वाटलं आपणही जावं, एकदा तरी चार बायकांत बसावं. हिरवी साडी नेसले, लेकीला छातीशी धरलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, बूट खणकन वाजला, आणि वरनं अक्का हात हलवत म्हणाल्या, "हत्तबेडी, हत्तबेडी."

मला हातबेडीच ऐकू आलं. म्हटलं, इथंपण आलं का हे, आणि तेही सगळ्यांदेखत. मागं फिरले, दार लावलं, लेकीलाच म्हणाले, "चल बाई, आपलं गावच बरं." पण गाव तरी कुठं बरं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. भीत भीत उघडलं तर अक्का, हातात ताट, मागं सगळ्या बायका. आत आल्या, चटईवर बसल्या. अक्कांनी कुंकू लावलं आणि मला रडूच फुटलं. माझे डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अळबेडी, अळबेडी."

आता डोळ्याला कसली बेडी? त्यांच्यातल्या एका म्हातारीला थोडं मराठी येत होतं. ती म्हणाली, "रडू नको म्हणते गं. मघाशी म्हणाली चढू नको, आम्हीच खाली येतो."

मग मी बूट दाखवून बेडीचं सांगितलं, म्हातारीनं ते कन्नडात सांगितलं. सगळ्या हसल्या, अक्कांनी मात्र स्वतःचे कान धरले. तशी मीपण हसले.

लेक या मांडीवरनं त्या मांडीवर चालली होती. मी घाबरून मराठीतच म्हणत होते, "अहो, मान धरा तिची." त्या म्हणायच्या, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि पुढचीच्या हातात द्यायच्या.