ठोकमामांनी बघून दिलेली जीप

मी पहिल्यांदा ठोकमामांच्या शेडवर गेले तेव्हा ते एका गृहस्थांना जीप घेऊ नका म्हणून समजावत होते, आणि ते गृहस्थ अगदी रडकुंडीला आले होते.

"गाडीत खोट नाही हो," मामा म्हणत होते. "पण तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, गाडी उभी करणार रस्त्यावर, चालवणार महिन्यातून एकदा. जुनी गाडी चालवून मरत नाही, उभी राहून मरते. त्यापेक्षा मांजर पाळा. ते निदान आपलं आपण फिरून येईल."

गृहस्थ हिरमुसले होऊन गेले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कशाला पाहिजे?"

मी जनावरांची डॉक्टर. माझ्या वाट्याला डोंगरातल्या अठरा वस्त्या होत्या. मोटरसायकलच्या मागे औषधांची पेटी बांधून मी हिंडायचे. त्या महिन्यात एका वस्तीवर गाय अडली होती. चिखलात मोटरसायकल रुतली, मी पुढचा रस्ता पायी तुडवला आणि दोन तास उशिरा पोचले. वासरू गेलं होतं, गाय माझ्या डोळ्यांसमोर गेली. घरची म्हातारी मला दोष न देता पाय धुवायला गरम पाणी घेऊन आली, ते मला जास्त लागलं. नवी चारचाकी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी जीप.

हे सगळं मी सांगितलं. मामांनी हात पुसत सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "हां. मग बघू या."

मामांचा खरा धंदा लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचा. झिजलेले दांडे, बुश, पिना कातून द्यायच्या. पण जुनी जीप घेणारा नवखा माणूस आधी त्यांच्याकडे यायचा, कारण मामा एक छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरत आणि सांगाडा इंच इंच ठोकून बघत. म्हणून ठोकमामा. नवीन माणसाला वाटे की हे ठोक भावाने काहीतरी विकतात. विकत तर नसतच, बघायचे पैसेही घेत नसत. चहासुद्धा स्वतःच्या घरचा पाजत.

मी एक हिरवी जीप हेरून ठेवली होती. पॉलिश केलेल्या सफरचंदासारखी चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही व्यापाऱ्याच्या आवारात गेलो. मामांनी गाडीकडे पाहिलंही नाही, सरळ बॉनेटवर तळहात ठेवला.

"सकाळी सकाळी ताप कसा आला हिला?"

"तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," व्यापारी म्हणाला.

मामा माझ्याकडे वळले. "डॉक्टरीणबाई, हे लक्षात ठेवा. गार इंजिन आपल्यासमोर चालू झालं पाहिजे. गरम झालेलं कुणाचंही होतं."

मग ते खाली शिरले. टण, टण, टण असा आवाज येत राहिला आणि मागच्या चाकाजवळ, जिथे स्प्रिंगचे पाटे सांगाड्याला अडकवलेले असतात तिथे, एकदम थप् झाला. मला हसू आलं. गाईचं पोट जागेवरून सरकलं की बरगडीवर टिचकी मारल्यावर टण वाजतं, ते आम्हाला वाईट. मामांकडे सगळं उलटं. त्यांनी खिशातलं लोहचुंबक तिथे लावलं, ते खाली पडलं.

"लोखंड कमी, लांबी जास्त," मामा खालूनच म्हणाले. लांबी म्हणजे रंगाआधी पत्र्याचे खळगे भरायचा लगदा.

"मामा, रंग तर बघा," व्यापारी म्हणाला.

"रंग बघायला लग्नाला जातो मी."

बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरचे आकडे सांगाड्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. एक आकडा जुळेना. मग व्यापाऱ्याला नमस्कार करून निघाले. मी मागे वळून वळून त्या हिरव्या गाडीकडे बघत होते. "असंच होतं," मामा म्हणाले. "म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने एकट्याने जायचं नाही. सोबत असा माणूस न्यायचा ज्याला गाडी नकोय."

परत आल्यावर मामा लेथवर गेले आणि मामींनी मला चहा दिला. मामी डावा पाय ओढत चालत. मी सहज विचारलं की मामा एवढा त्रास फुकट का घेतात.

मामींनी आधी कप विसळला. मग सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामांनी हौसेने जुनी जीप घेतली. नुकताच रंग दिलेली, चकाकणारी. कुणाला दाखवली नाही, कुणाला विचारलं नाही. दोघं डोंगरावर फिरायला गेली. उतरताना मागचा पाटा सांगाड्यातून निखळला. आत नुसता गंज होता, वरून लांबी आणि डांबर फासलं होतं. गाडी वळणावरून खाली कलंडली. मामांना खरचटलं. मामींचा पाय तीन ठिकाणी मोडला, आणि त्या चार महिन्यांच्या पोटुशी होत्या, ते राहिलं नाही.

"हे सहा महिने कुणाशी धड बोलले नाहीत," मामी म्हणाल्या. "जेवताना माझ्या पायाकडे बघत बसायचे. एक दिवस मीच म्हटलं, माझ्या पायाकडे बघून काय होणार? जा, लोकांच्या गाड्या बघा. रागाने म्हटलं होतं मी. हे खरंच गेले."

त्यानंतर मी हिरव्या गाडीचं नाव काढलं नाही.

तीन आठवडे आम्ही गाड्या बघत हिंडलो. प्रत्येक ठिकाणी मामा काहीतरी शिकवत. स्टिअरिंग हलवून बघा, चाक हलण्याआधी किती रिकामं फिरतं ते. पुढची चाकंही इंजिनाला जोडणारा दांडा कोरड्या रस्त्यावर नव्हे, चिखलात तपासा. आपल्या गावात ही गाडी दुरुस्त करणारा कोण आहे, भाग कुठे मिळतात, हे गाडी बघायच्या आधी विचारा. आणि जवळचे सगळे पैसे गाडीवर घालू नका, घरी आणल्यावर ती पहिल्या महिन्यात मागणारच.

शेवटी एका सर्व्हेअरच्या विधवेकडे पोचलो. पत्र्याच्या छपराखाली जीप उभी होती आणि बॉनेटवर कोंबडी बसली होती. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला. बाई दारातूनच म्हणाल्या, "आधीच सांगते, ब्रेक लागत नाहीत. सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. हे गेल्यापासून चार वर्षं कुणी चालू केलेली नाही."

मामा थबकले. हळूच मला म्हणाले, "न विचारता दोष सांगणारं माणूस फार कमी भेटतं."

त्यांनी कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं आणि खाली शिरले. पाऊण तास नुसतं टण, टण. मधे एकदा थांबले तेव्हा मी वाकून पाहिलं, ते फक्त चष्मा पुसत होते. बाहेर आले, कपडे झटकले आणि एवढंच बोलले, "घ्या."

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही हिचं काय करणार?" मी सांगितलं. त्यांनी सांगितलेली किंमत आपणहून कमी केली. "ह्यांना आवडलं असतं," म्हणाल्या, आणि आत जाऊन जॅक आणि चाकाचा पाना घेऊन आल्या. जाताना त्यांच्याकडे बघवेना मला.

ट्रॅक्टरला बांधून जीप शेडवर आणली. मला चावी फिरवून बघायची घाई झाली होती. मामांनी चावी खिशात घातली. "चार वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळायला लावता का? तुम्ही डॉक्टर ना?" त्यांनी प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दोन दिवसांनी हाताने इंजिन फिरवलं. टाकी धुतली, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या. संध्याकाळी काम संपवून मी जायचे आणि सांगतील ते घासायचे. मामी स्टुलावर बसून मामांनी हात पुढे केला की नेमका पाना देत. कोणता हवा ते मामा तोंडाने सांगतच नसत. एकदा मी चुकीचा दिला तर गाडीखालून आवाज आला, "हा डॉक्टरीणबाईंचा दिसतोय."

सहाव्या आठवड्यात इंजिन चालू झालं. खोकलं, शिंकलं, मग एकसारखं बोलू लागलं.

डोंगरावरच्या पहिल्या फेरीला मामा सोबत यायचे ठरले होते. मी इंजिन चालू केलं तेवढ्यात मामी काठी घेऊन आल्या.

"मीही येते."

मामांचा चेहरा उतरला. "तू कशाला? रस्ता खराब आहे."

"रस्ता मला माहीत आहे."

"बरं, मग मागे बस, धरायला दांडा आहे."

"मागून काही दिसत नाही. मी पुढे बसणार."

अपघातानंतर एकतीस वर्षांत मामी कुठल्याच जीपमध्ये बसल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. मामा मागे माझ्या औषधांच्या पेटीवर बसले. आरशात मला त्यांचे दोन्ही हात दिसत होते, दांड्याला आवळलेले. मामी मात्र निवांत, ओढा आला तेव्हा पदर सावरून बाहेर वाकून चाकाकडे बघत होत्या. मी गिअर खाली आणला, पुढची चाकं जोडली, आणि गाडी दगडांवरून म्हशीसारखी शांत निघाली. दोन वस्त्यांवर लसी टोचल्या. जिची गाय गेली होती ती म्हातारी बाहेर येऊन गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "आता रात्रीअपरात्री बोलवायला हरकत नाही तर."

उतरताना एका वळणावर मामी म्हणाल्या, "इथेच ना?"

"हो," मामा म्हणाले.

"डॉक्टरीणबाई, थांबवा जरा."

त्या उतरल्या. मामा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खाली झुडपं आणि उन्हात तापलेले दगड, बाकी काही नव्हतं.

"त्या दिवशी रस्त्यावर खडी टाकणारी माणसं होती वर," मामी मला म्हणाल्या. "सहासात जण. गाडी उचलून मला काढलं, फळीवर घातलं आणि दवाखान्यापर्यंत चालत नेलं. एक बाई सबंध वाट माझा हात धरून होती. नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला."

"मी नंतर आलो होतो शोधायला," मामा म्हणाले. "तीनदा. काम संपवून पुढे गेली होती ती माणसं. कुठे शोधणार? मग जो दारात येईल त्याच्या गाडीखाली शिरतो."

मामींनी मामांच्या बाहीवरचं ग्रीस नखाने खरवडलं, ते निघेना तेव्हा सोडून दिलं, आणि पुन्हा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

याला आता नऊ वर्षं झाली. किती वासरं त्या जीपमुळे जगली याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण वस्तीवरची पोरं लांबून आवाज ऐकून फाटक उघडून ठेवतात. मी उशिरा पोचले म्हणून जनावर गेलं, असं त्यानंतर दोनदाच झालं. सर्व्हेअरच्या बाईंना मी दरवर्षी एक चक्कर मारून आणते. त्या डॅशबोर्डवर हात ठेवून बसतात.

आणि मामी. जीप आली त्याच हिवाळ्यात, साठी जवळ आलेली असताना, त्या म्हणाल्या की मला चालवायला शिकवा. डाव्या पायाने क्लच पुरता दबेना. मामांनी पेडलला जोडायला एक तुकडा कातला, तो लांब झाला. दुसरा कातला, तो आखूड. तिसरा बसला. शेडमागच्या मोकळ्या मैदानात मामींनी पहिली फेरी मारली तेव्हा गाडी सातदा बंद पडली आणि मामा सातही वेळा "होतं असं" म्हणाले.

आता दर रविवारी त्या माझ्याकडून जीप नेतात, मामांना शेजारी बसवून कुठेतरी फिरून येतात. मी कितीदा सांगितलं की गरज नाही, ऐकत नाहीत. संध्याकाळी गाडी परत येते तेव्हा टाकी भरलेली असते आणि काचा पुसलेल्या असतात.