शेळीच्या मशीनवरचं नाव

१२ जानेवारी १९९४, बुधवार. नळाला पाणी कमी दाबाने. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या, उद्या आणखी येणार म्हणतात. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय संक्रांतीच्या सुमारास होईल अशी बोलवा आहे. दुकानं लवकर बंद. रामकिसनच्या खोलीत भांडण, गीताबाई होत्या.

रोजनिशीत मी थोडक्यात लिहिते. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली ही सवय. पण गीताबाई काही ओळीच्या शेवटी दोन शब्दांत बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांच्याविषयी इथे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत. हे गेल्यानंतर रस्त्याकडची खोली मी गंगापूरच्या रामकिसनला भाड्याने दिली. त्याने आधी नुसतं झेरॉक्स चालवून पाहिलं. मग एके दिवशी टेम्पोतून कपाटाएवढी व्हिडिओ गेमची मशीन उतरवली. रुपया टाकायचा, दांडी धरायची, की पडद्यावर एक लठ्ठ शेळी सुटायची. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे तिला खायला घालायचे, एवढाच खेळ. मोजा खाल्ला की थोडे गुण, विजार खाल्ली की भरपूर. खाईल तशी शेळी फुगते, मग तिला पळवत नाही, आणि मागून केरसुणी उगारून एक चष्मेवाली म्हातारी येते. तिने गाठलं की शेळी मटकन बसते, जीभ बाहेर काढते आणि पत्र्यावर खिळा ओढावा तशा आवाजात ओरडते. खेळ संपला.

हा पोरकटपणा महिन्याभरात बंद पडेल, असं मला वाटलं होतं.

गीताबाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला म्हणून आल्या आणि शेळी बघून तिथेच उभ्या राहिल्या. चाळिशी उलटलेली, काटक बाई. चिकलठाण्याच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांचं हसणं पाहण्यासारखं होतं. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलायचे. मग पदराचा बोळा तोंडात. मग मशीनला धरून त्या खालीच बसायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, "आगं माय, पँट बी खाल्ली की गं हिनं!"

मी आतल्या दारातून बघत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तशा त्या म्हणाल्या, "मावशी, राग येऊ देऊ नका, पण ही म्हातारी हुबेहूब तुमच्यावाणी दिसती."

"माझी केरसुणी इतकी धड नाही," मी म्हणाले, आणि पुन्हा खांदे हलू लागले. या वेळी माझेही.

त्यानंतर कारखान्यातली पाळी सुटली की त्या रोज यायच्या. त्या वेळी खोलीत सगळे पुरुषच असत. सुरुवातीला ते एकमेकांना कोपराने ढोसत, मग बाई खेळते चांगलं म्हणून बघायला थांबू लागले. 

गीताबाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. लहानपणी घरी दोन शेळ्या होत्या. त्यातल्या एकीने मामाचं लग्नातलं धोतर खाल्लं होतं, ही गोष्ट त्या दर वेळी नव्याने सांगत. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराची पहिली दंगल झाली त्या वर्षी, गाव सोडलं. का, ते मी एकदाच विचारलं. "घराला दारच ठेवलं नाय कुणी. मंग राखायचं काय?" एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. नवरा कडुबा यांच्यासोबत शहरात येऊन त्यांनी बांधकामावर घमेली वाहिली. ज्या कारखान्याच्या भिंतींना विटा पोचवल्या, तिथेच पुढे पॅकिंगला लागल्या. कडुबा वाळूजला रखवालदार झाले. पॅकिंगच्या पट्ट्यावर बोलायला मनाई होती. हसलं तर नाव लिहून घेत.

"दिसभर तोंडाला कुलूप," त्या म्हणत. "हितं येऊन उघडते. नाय तर गंज धरंल."

शेळीने सगळ्यांपेक्षा जास्त कपडे खाल्ले की मशीन खेळणाऱ्याचं नाव मागायची. इंग्रजी अक्षरं, तीही तीनच. ती तक्त्यात सगळ्यात वर झळकत. गीताबाईंचा पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी म्हटलं, "सोपं आहे. जी, आय, टी. गीत. पुढचं लोक समजून घेतील."

"माझं नको," त्या म्हणाल्या. "जय भीम कसं लिवायचं, तीन अक्षरात?"

मी सांगितलं, जे, बी, एम. पॅकिंगच्या खोक्यांवरची अक्षरं रोज बघून त्यांना ओळखीची होती. त्यांनी दांडी हलवून एकेक बरोबर लावलं. रात्री रामकिसन मशीन बंद करी तेव्हा सगळा तक्ता पुसला जाई. दुसऱ्या दिवशी दिवसभर इतर लोक आपापली नावं लावत, आणि संध्याकाळी गीताबाई येऊन त्या सगळ्यांच्या वर जे, बी, एम लावत. हे दिवाळीपासून चाललं होतं. कुणी काही म्हटलं नाही. बऱ्याच जणांना ते काय आहे हेच माहीत नव्हतं.

जानेवारी लागला आणि गल्लीतलं बोलणं हळू आवाजात होऊ लागलं. शेजारीपाजारी विद्यापीठाच्या नावाचा विषय आधी समोर कोण बसलंय ते बघून काढत. टोकाला पुंजारामचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो नामांतराच्या विरोधातला, आणि ते लपवत नव्हता. बुधवारी संध्याकाळी तो आपल्या दुकानातल्या मल्हारीला घेऊन रामकिसनच्या खोलीत शिरला. पाच-सहा जण होते, ते भिंतीला सरकले. आदल्या दिवशी त्याने बाहेरून तक्ता पाहिला होता.

"रामकिसन, हे रोज वर नाव येतं जे, बी, एम. काय हाये ते?"

मी आतल्या दारात उभी होते. रामकिसनच्या कपाळावर घाम दिसत होता. मशीन भाड्याची, काच फुटली तर त्याला गंगापूरला परत जावं लागलं असतं.

"ते व्हय?" तो म्हणाला. "जय भवानी माता."

पुंजारामने मान तिरकी करून अक्षरं पुन्हा मनात लावून पाहिली. बसत होती. त्याचा चेहरा सैल झाला. "मंग असं सांग की. लोकं मला भलतंच सांगत व्हते." रामकिसनच्या डोक्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली. संकट टळलं होतं.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"नाय, रामकिसनभाऊ. ते जय भीम हाये. म्याच लावते."

गीताबाई डब्याची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. नुसतं गप्प राहिल्या असत्या तरी नाव रोज लागत राहिलं असतं. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी पाहिलं आणि आत आल्या.

"हितं राजकारण नको," पुंजाराम म्हणाला. "उद्यापासून हे नाव दिसता कामा नये."

"खेळून वर जा ना भाऊ. तुमचं लावा. म्या कुठं अडवलंय?"

"म्या शेळ्या खेळवू?" त्याने भिंतीशी ठेवलेला शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला. त्याने मशीनकडे पाहिलं, मग वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. दिवसभराची सगळी नावं गेली. "झालं. मिटलं."

गीताबाईंनी पिशवी खाली ठेवली, बटण चालू केलं, रुपया टाकला. शेळी सुटली. एक मोजा खाल्ला आणि गीताबाईंनी दांडीवरचा हातच काढून घेतला. म्हातारीने शेळीला गाठलं, शेळी मटकन बसली. तक्ता कोरा होता, तेव्हा एका मोज्यालाही पहिला नंबर. मशीनने नाव विचारलं. जे, बी, एम.

पुंजारामला हे कळायला एक क्षण लागला. त्याने पुन्हा बटण बंद केलं, या वेळी जोरात. गीताबाईंनी पुन्हा चालू केलं. पुन्हा एक मोजा, पुन्हा म्हातारी, पुन्हा तो पत्र्याचा आवाज. जे, बी, एम. त्यांचा चेहरा अगदी पॅकिंगच्या पट्ट्यावर असावा तसा होता. मानेची शीर मात्र उडताना मला दारातून दिसत होती. पुंजारामच्या हातातला आकडा काचेपासून वीतभर लांब होता.

तिसऱ्यांदा शेळी बसली तेव्हा मागे कुणीतरी फुस्सकन हसलं. मल्हारी होता.

"शेठ," तो पोट धरून म्हणाला, "तुमीच तिला पयली आणायलेत! आधी आठ विजारी चारल्या तवा कुठं पयली यायची, आता एका मोज्यात!"

भिंतीशी उभी असलेली माणसं हसू दाबत होती. ते सुटलं. रामकिसन रडवेल्या तोंडाने हसला. पुंजारामने मल्हारीकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथेच थांबलं, पण बाकीच्यांचं थांबेना. पुंजाराम हसला नाही. ओठ आवळून उभा राहिला.

"भाऊ," गीताबाई म्हणाल्या, "तुमी बटण दाबा, म्या नाव लावते. बघू कोण आधी दमतंय."

बाहेर पोलिसांची गाडी हळू गेली. पुंजारामने आकडा होता तिथे टेकवला. "शटर वढ," तो रामकिसनला म्हणाला. "लई लाडावून ठेवलंस." आणि मल्हारीला न घेताच निघून गेला. मल्हारी मागून पळाला.

माणसं पांगली. रामकिसनने शटर अर्धं ओढलं आणि तिथेच उकिडवा बसला. "आक्का, गप बसायचं व्हतं ना. सांभाळलं व्हतं म्या."

"गप बसायला कंपनी हाये की," गीताबाई म्हणाल्या. मग त्या खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरून प्यायलं. पुंजाराम उद्या माणसं घेऊन येईल का, हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, उद्या येऊ नका. त्या म्हणाल्या, "पाळी सुटल्यावर बघू." मग पडद्याकडे पाहून त्यांचे खांदे हलायला लागले. "एका मोज्यात, मावशी! कधी नव्हं ते!"

रिक्षा बंद झाल्या होत्या. रामकिसनने कोपऱ्यावरून वाळूजला फोन लावून निरोप ठेवला, आणि कडुबा सायकलवर घ्यायला येईपर्यंत गीताबाई माझ्याकडेच जेवल्या. कडुबाही जेवले. ते गेल्यावर मी रोजनिशीत शेवटची ओळ लिहिली: बाजरीचं पीठ संपलं, उद्या भोगीसाठी दळण काढायचं.