खवल्या मांजराची हिरवी शेपटी

यंदा पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आदरणीय सुशीलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, ते मेडशीजवळच्या जुन्या बारवेत, पायरीवर पालथ्या पडलेल्या. मी अकरावीत होतो. बाई पडल्या असं समजून धावलो. डोळ्याला लावलेलं भिंग न हलवता त्या म्हणाल्या, "चप्पल काढ आन् हळू बस. गाव निजून राह्यलं इथं." भिंगातून पाहिलं, तर नखाएवढ्या जागेत दाट रान उभं होतं. त्यात आपणच वाट चुकलो आहोत असं कितीतरी वेळ वाटत राहिलं. ते मॉस होतं, ओल्या दगडांवर वाढणारी शेवाळासारखी इवली वनस्पती, आणि आमच्या भागात ते फक्त याच दगडांवर उरलं होतं.

पुढे बाईंच्याच हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकून मी शिक्षक झालो. तालुक्यात खवल्या मांजर वाचवण्याची मोहीम आली, तेव्हा उत्साहाच्या भरात मी बारवेची भिंत तारेच्या ब्रशने घासली, चुना मारला आणि वर भलंमोठं खवल्या मांजर रंगवलं. उन्हाळ्यात मॉस वाळून काळं पडतं, हे शिकलेला मी त्याला मळ समजलो होतो. बाई आल्या आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चित्र झकास हाय," बाई म्हणाल्या, "पण ज्याच्या घरावर काढलं, त्याले इचारलं काय?"

मी रडू लागलो. बाई शेजारी बसल्या. "अबे, दोघंबी सारखेच. भेलं की खवल्या मांजर अंग गुंडाळते, पाणी आटलं की हे मॉसबी गुंडाळते. त्याले डोळे हायेत, मनून लोकाले दया येते, इतकाच फरक."

खालच्या फटीत तांदळाएवढा काळा पुंजका उरला होता. बाईंनी बोटावरून एक थेंब सोडला. पुंजका हळूहळू उलगडला आणि हिरवा झाला.

तेव्हापासून बाई दर उन्हाळ्यात तांब्या घेऊन येत. "काहून पाणी देऊन राह्यल्या, बाई, दगडाले?" शेतावर जाणारे विचारत. "पाहुणा हाय," बाई हसत. भिंत कुणी घासली, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. आज मीच सांगतो आहे.

यंदा गुडघ्यांमुळे बाईंना पायऱ्या उतरवल्या नाहीत. चुन्याचे पोपडे गळून मॉस चित्रावर चढलेलं पाहून मी खालूनच ओरडलो, "बाई, शेपटी हिरवी झाली!"

वरून आवाज आला, "मंग तोंडापर्यंत जाऊ दे."

बाई, ते वर्षाला जेमतेम नखभर सरकतं. तोंड अजून फार लांब आहे. तितकी सगळी वर्षं तुम्ही निरोगी राहा. तांब्या मी धरीन.