सुपडाबाईचा निंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला म्हणून कितीदा तोंड उघडलं — आणि हवापाण्यावर बोलत बसलो.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी सुरतेत पालिकेच्या बाग खात्यात कारकून होतो. झाड स्वतःच्या आवारातलं असलं, तरी फांदी छाटायलाही अर्ज लागे. पाहणी करून शेरा मी मारायचो. शेजारी सुपडाबाई राहायची. खानदेशातली, मागावर राबून तीन लेकी उजवलेली. दारात निंब. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिन्ही लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोका बांधायच्या, दोन दिवस गाणी चालायची. गोंगाटाने डोकं उठतं, असं मी म्हणत असे. डोकं कशाला उठतंय? माझी सख्खी बहीण माझ्या दारात पाऊल टाकत नव्हती — मीच तिला नको ते बोललो होतो. मला त्यांचं हसणं सहन होत नव्हतं, एवढंच.

एका वर्षी निंबाची एक फांदी पत्र्यावर टेकली. सुपडाबाईला लिहिता येत नव्हतं. अर्ज लिहून घ्यायला ती माझ्याकडेच आली. मी लिहिलं — फांदी नाही, झाड. मुळापासून काढावे. तिने अंगठा उमटवला, वर मला आशीर्वाद दिला. पाहणीत मी 'पोखरलेले, धोकादायक' असा शेरा मारला. निंब कसा होता? ठणठणीत. दोघांच्या कवेत न मावणारा.

आखाजीच्या चार दिवस आधी खात्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. सुपडाबाई धावत माझ्याकडे आली.

"भाऊ, मी ते एकच फांदी सांगेल व्हती ना?"

एका शब्दाने सगळं थांबलं असतं. मी कागद तिच्यापुढे धरला. "अंगठा तुमचाच ना? झाडच म्हणालात तुम्ही."

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मन्हंच चुकनं व्हई, भाऊ."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

लेकी आल्या. झोका नाही म्हणून धाकटी रडली, तर सुपडाबाई तिला समजावत होती, आईच्याच तोंडून चुकीचं गेलं. मी भिंतीआडून ऐकत होतो. संध्याकाळी तिच्याकडून ताटभर सांजोऱ्या आल्या — तिच्या चुकीपायी भाऊला उगाच त्रास झाला म्हणून. मी त्या खाल्ल्या. ती असेपर्यंत दर आखाजीला ते ताट येत राहिलं. दर वर्षी खाल्ल्या.