एकशेत्रेचाळीस सिनेमांचं गाळप

गेनबातात्या सिनेमा बघायला बसले की आधी चपला काढत, मग टोपी काढत, मग दाराला आतून कडी घालत, आणि त्या कडीत नांगराचा फाळ अडकवत. कडीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण सोबतीला धरून आणलेल्या आम्हा गाववाल्यांवर नव्हता. मे महिन्याचं ऊन, वरती पत्रा, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, आणि समोर भाड्याने आणलेल्या टीव्हीवर कुठल्या तरी परक्या मुलखातला एक मनुष्य पाऊण तास सफरचंद सोलतोय. आमच्यापैकी कुणी हळूच उठू लागलं की अंधारातून आवाज यायचा, "बस खाली! अर्धी भाकर खाऊन सुगरणीला शिव्या द्यायच्या न्हाईत. आधी सगळी खायची. मग द्यायच्या. पोट भरून द्यायच्या!"

शिव्या मात्र ते खरोखरच पोट भरून देत. माणसाला तुच्छ लेखण्याची कला मी आयुष्यात पुष्कळांकडे पाहिली. आमच्या लासुर्ण्यात तर ती पाळण्यातच शिकवतात. पण तात्यांच्या तोडीचा तुच्छतावाला इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत झाला नाही. ते नुसते "हं" म्हणाले तरी समोरच्याची उंची दोन बोटं कमी व्हायची. आमचा एक ग्रामसेवक तात्यांच्या शेजारी तीन वर्षं राहिला आणि बदली होऊन गेला तेव्हा त्याच्या सगळ्या पँटी खालून दुमडाव्या लागल्या, असं लोक सांगतात. मी स्वतः दोनच पँटी पाहिल्या.

तात्यांचा बाप जन्मभर मेंढरांमागं चालला. तात्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटले. काम एकच. गव्हाणीत पडलेल्या उसाचा रस तपासायचा आणि शंभर किलो उसातून किती किलो साखर निघणार, म्हणजे उतारा किती, ते लिहायचं. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकं तसंच होतं. तात्या लग्नाच्या जेवणाचा उतारा सांगत, कीर्तनाचा सांगत, आमदाराच्या भाषणाचा सांगत. मी त्याच कारखान्यात टाइमकीपर. माझा उतारा त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता : "सव्वादोन. बाकी सगळा भुसा."

सिनेमाचं हे खूळ लागलं ते एका अपमानातून. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. बारामतीला एका हॉलमध्ये रविवारी सकाळी कसलासा जगप्रसिद्ध सिनेमा फुकट दाखवणार होते. आम्ही दोघे गेलो ते हॉलला पंखे होते म्हणून. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक बाई भिंतीकडे बघत बसली. बसली ती बसलीच. तात्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि मग आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, भितीला पोपडं आल्यात का?"

हॉल हसला. हा कार्यक्रम ठेवणारे वाघोलीकर सर, कॉलेजचे प्राध्यापक, उभे राहिले. त्यांनी सिनेमा थांबवला, दिवे लावले, तात्यांकडे चष्म्यावरून बघितलं आणि शुद्ध, स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, "हे सिनेमे सगळ्यांना झेपत नाहीत. तुम्ही बाहेर जाऊन उसाचा रस प्यालात तरी चालेल." मग दारात वाटायला ठेवलेल्या गठ्ठ्यातला एक कागद तात्यांच्या हातात ठेवला. जगातले एकशेत्रेचाळीस थोर सिनेमे, नंबरवार. "हे बघून या. मग बोलू."

तात्यांनी कागदाची घडी टोपीत घातली. "समदं बघतो, मास्तर. एकबी सोडत न्हाय. आन् मग तुमच्या दारात यिऊन सांगतो, ह्यातला ऊस किती आन् जनावरापुढं टाकायचं वाडं किती." प्राध्यापकाला 'मास्तर' म्हणण्यात जी गंमत आहे ती ज्याला कळते त्यालाच कळते. सरांना कळली. त्यांचे कान लाल झाले.

तेव्हापासून सात वर्षं, हंगाम संपून कारखाना बंद पडला की तात्यांचं दुसरं गाळप सुरू व्हायचं. बारामतीत बाळ्याची व्हिडिओ लायब्ररी होती. बाळ्या लग्नाचं शूटिंगही करायचा. तात्यांनी यादी त्याच्यापुढे टाकली तेव्हा त्याला वाटलं, ही औषधांची नावं आहेत. पण तात्या पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशात चिठ्ठी कोंबायचे आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाची पिशवी तपासायचे. बाळ्याचे पुण्यातले कोणकोण ओळखीचे होते, त्यांच्याकडून एकेक कॅसेट यायची, बाळ्या तिची नक्कल काढायचा.

इंग्रजी तात्यांना येत नव्हतं. सिनेमे तर इंग्रजीतही नव्हते. मी एकदा म्हणालो, "तात्या, खालची अक्षरं तरी कुणाकडून वाचून घ्या."

"कशाला? मेंढरू बोलतंय का? तरी कुठं दुखतंय ते कळतंय नव्हं? तोंडाकडं बघायचं."

प्रत्येक सिनेमा संपला की प्रयोगशाळेतल्या जुन्या रजिस्टरात नोंद व्हायची. नंबर, वेळ, उतारा, शेरा. ते शेरे मला अजून पाठ आहेत. "नंबर सतरा. उतारा चार. नुसती मळी." "नंबर एकतीस. बाई रडती, बाप्या रडतो, कुत्रं रडतं. आमी न्हाय." "नंबर बावन्न. गडी चांगला होता, उगाच मेला. सात." नवाच्या वर त्यांनी कुणाला दिला नाही. दहा दिला तर बायकोलासुद्धा संशय येईल म्हणाले.

बायको, म्हणजे सोनाकाकी, तशीही संशयातच होत्या. "लोकांची माणसं उन्हाळ्यात घर शाकारत्यात. आमचं हितं कोंडून घिऊन परक्या बायांची त्वांडं बघतंय," असं त्या पाण्याच्या टाकीवर सगळ्यांदेखत सांगत. तात्यांच्या कानावर आलं की ते म्हणत, "तिचं बराबर हाय. पण तिनं एकबी बघितला न्हाय. न बघता नाव ठिवायचा हक न्हाय. मी बघून ठिवतो." सगळा फरक त्यांच्या लेखी एवढाच होता. आम्ही गावभर फुकट तुच्छता वाटत फिरायचो. ते कष्ट करून, घाम गाळून तुच्छ लेखायचे.

आणि अशा माणसाची गाडी अडली ती अठ्ठ्याऐंशी नंबरावर.

काळापांढरा सिनेमा. बर्फाचा मुलूख. एका म्हातारीचा भाऊ मरतो, ती त्याला पुरते, आणि त्याची लोखंडी कॉट खेचरावर लादून दूरच्या गावी लेकाकडे निघते. लेकाशी तिचं वीस वर्षं बोलणं नाही. दीड तास ती म्हातारी चालते. खेचर मरतं, तरी कॉट ओढत चालते. शेवटी लेकाचं दार येतं. म्हातारी श्वास घेते, हात वर करते, दारावर थाप मारणार, एवढ्यात...

एवढ्यात बँड सुरू झाला आणि पडद्यावर आलं कोऱ्हाळे बुद्रुकचं लग्न! रंगीत. मांडव, फेटे, बुंदीच्या पराती, आणि कॅमेऱ्यापुढे आडवा येऊन नाचणारा नवऱ्या मुलाचा मामा. बाळ्याकडे कोरी कॅसेट संपली होती. सिनेमा नाहीतरी संपतच आला होता म्हणून उरलेल्या फितीवर त्याने लग्न उतरवलं होतं. आम्ही हसून हसून लोळलो. मी तर म्हणालो, "तात्या, म्हातारी पोचली की वेळेवर. अक्षता पडायच्या आत!"

तात्या हसले नाहीत. त्यांनी ते लग्न शेवटच्या पंगतीपर्यंत बघितलं, न जाणो मध्येच दार उघडेल म्हणून. मग बाळ्याकडे जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उतारा काढला. मूळ कॅसेट ज्याची होती तो माणूस पुणे सोडून गेला होता. दुसरी मिळेना. पुढचे पंचावन्न सिनेमे बघून झाले. एकशेत्रेचाळीसावा झाला. रजिस्टर भरलं, फक्त अठ्ठ्याऐंशीपुढे उताऱ्याचा रकाना कोरा. आणि यादी पुरी झाल्याशिवाय मास्तरच्या दारात जायचं नाही, हा स्वतःच घातलेला दंडक.

"एवढ्याशा शेवटानं काय होतंय, तात्या? जा आन् बोला," मी म्हणालो.

"आन् त्यानं इचारलं, दार उघडलं का, मग? त्वांड कुठं लपवू?"

एक उन्हाळा असा गेला. अठ्ठ्याऐंशी नंबर त्यांनी चार वेळा परत लावला, जणू म्हातारी या खेपेला जरा लवकर थाप मारील. शेवटी एका सकाळी ते टोपी घालून माझ्या दारात उभे राहिले. "चल बारामतीला. इचारूनच येतो मास्तरला." 'इचारून' हा शब्द तोंडातून निघताना त्यांना झालेलं दुःख मी बघितलं. ज्याला हाणायला जायचं, त्याच्याच दारात झोळी घेऊन जायचं.

वाघोलीकर सर आता थकले होते, केस गेले होते. त्यांनी तात्यांना ओळखलं नाही. तात्यांनी नाव सांगितलं नाही. घडीवर घडी पडून चाळण झालेली यादी टेबलावर ठेवली. सरांचा चेहरा उतरला.

"समदं बघून झालं. एक सोडून. अठ्ठ्याऐंशीची आखेर तेवढी सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अहो, तो शेवट असा सांगायचा नसतो. तो अनुभवायचा असतो."

"आनुभवतो की. आधी सांगा."

"म्हणजे बघा... दार उघडतं. दारात तिचा भाऊ उभा. दोघं एकमेकांकडे बघतात. शब्द नाहीत. फक्त प्रकाश."

तात्या पुढे वाकले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "मास्तर, भाऊ मेलाय वो. पयल्या अर्ध्या तासात. मी पाच डाव पुरलाय त्याला."

तात्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"किती बघितल्यात ह्यातलं? खरं सांगा."

"एकोणीस," सर म्हणाले. "यादी मी एका मासिकातून उतरवली होती. इथे कुठे मिळणार होते हो ते सिनेमे?"

मी कान टवकारून बसलो. सात वर्षांचा बार आता उडणार होता. तो उडला, पण अर्धाच. "ऊस न्हाय, गाडी न्हाय, आन् वजनाची पावती मातर हातात! आमच्याकडं असल्याला काट्यावरनं हाकलत्यात, मास्तर." एवढं बोलून तात्या उठले आणि चपला घालून चालू लागले.

एसटीत मी आनंदाने फुटायच्या बेतात होतो. "जिंकलात की, तात्या!"

"काय जिंकलो?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दार बंदच हाय की."

तीन आठवड्यांनी वाघोलीकर सर कारखान्यात पत्ता विचारत लासुर्ण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत धूळ, हातात पिशवी. तात्यांच्या ओट्यावर उभे राहून परीक्षेला बसलेल्या पोरासारखे म्हणाले, "पुण्यात एका ओळखीच्यांकडे अठ्ठ्याऐंशी नंबर मिळालाय. गुरुवारी सकाळी दाखवतील. मी एकट्याने बघणार होतो. पण मग वाटलं, तुमच्याआधी मी बघणं बरं दिसणार नाही."

तात्यांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हं," म्हणाले. पण हा 'हं' जरा निराळा होता. सरांची उंची होती तेवढीच राहिली.

गुरुवारी आम्ही तिघे पुण्याला गेलो. छोटी खोली, तीन खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा. शेवट काय झाला ते कृपा करून मला विचारू नका. पहाटे चारला उठून एसटी गाठली होती, म्हातारीचं खेचर मरायच्या आत मी झोपलो. जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि ते दोघे रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते. सरांच्या हातात चष्मा होता. तात्या टोपी घालायची विसरले होते.

परतताना बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आता यादी पुरी झाली होती. दंडक पाळून झाला होता. सात वर्षं घोटून ठेवलेलं ते भाषण, ऊस किती आणि वाडं किती, आता कुणी अडवणार नव्हतं. सरही ते ऐकायला मान खाली घालून, बाकावर तयारीने बसले.

तात्या त्यांच्या शेजारी बसले. गुडघे चोळले. मग म्हणाले, "सर, तुमाला काय वाटलं?"

त्यानंतर सहा वर्षांनी तात्या गेले. त्यांचा माझा सहवास एकूण पंचवीस वर्षांचा. एवढ्या काळात हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारलेला मी ऐकला नव्हता. कालवणात मीठ पडलंय का हेसुद्धा ते विचारत नसत, सांगत. सरांनाही खरं वाटेना. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अडखळत म्हणाले, "मला वाटतं, तिला आत जायचंच नव्हतं." तात्या म्हणाले, "व्हय? का बरं?" आणि खरंच ऐकू लागले.

लासुर्ण्याची गाडी लागली. मी धावत जाऊन रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि खिडकीतून ओरडलो, "तात्या, चला! भरली गाडी!"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा.