देवाला जगाची गरज नव्हती

जयपुरात त्या काळी आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं पाचच होतो. रविवारची उपासना हिंदीत होई, म्हणून दर शनिवारी चार वाजता एकेका घरी मराठीत घरसभा भरे. ज्याचं घर, त्यानंच बायबलच्या एका भागावर मनन सांगायचं. दर पाचव्या शनिवारी पाळी येई, आणि ती कोणी बदलायची नाही हा नियम मीच घातला होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. नियमाशिवाय मला चैन पडत नसे.

१९६० नंतरच्या एका जून महिन्यात माझ्या वाट्याला उत्पत्तीचा पहिला अध्याय आला. विषय होता, देवाने जग कशासाठी निर्माण केलं. बायकोचा आठवा महिना संपत आला होता. आमचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. कमी वाटली की लगेच या." कमी म्हणजे किती, असं मी विचारलं. "आईला कळतं," त्या म्हणाल्या.

मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. मी एक वही केली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास बाळ हललं की बायकोनं सांगायचं आणि मी रेघ मारायची. त्या शनिवारी सकाळी चार रेघा झाल्या. दुपारी दोनला संपलेल्या तासात एकच. तीन आठवड्यांची सरासरी तासाला नऊ होती.

"अहो, मला हे बरं दिसत नाही," ती म्हणाली. "पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतंय."

मी वही चाळली. "मंगळवारी दुपारीही दोनच होत्या. संध्याकाळी अकरा झाल्या."

"मंगळवारी मला भीती नव्हती वाटली."

"उन्हानं असेल. मंडळी चारला येतील. सभा आटोपली की सहाला निघू."

ती सरबतासाठी लिंबं कापायला बसली. वारा साफ पडला होता. दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर मी दोनदा पाणी मारलं, पण आत गारवा म्हणून येईना. पश्चिमेकडे आभाळ तांबूस पिवळं होत चाललं होतं आणि समोरच्या कडुनिंबावर एकही पाखरू नव्हतं.

मंडळी आली. "आज प्रोफेसरांची पाळी, म्हणजे पाढे पाठ करून आलात ना सगळे?" असं कुणी म्हणालं आणि सगळे हसले. गीत झालं, प्रार्थना झाली, मी उभा राहिलो. त्या अध्यायात 'चांगले' हे किती वेळा आलं ते मी मोजून ठेवलं होतं, तिथून सुरुवात केली. मग मूळ मुद्द्यावर आलो. देवाला कशाचीच उणीव नव्हती, मी सांगत होतो. तो एकटा नव्हता, की सोबतीसाठी त्यानं माणूस घडवावा. जगाच्या आधीपासून पित्याची पुत्रावर प्रीती होतीच.

बायको दाराशी बसली होती. तिचा हात पोटावर एकाच जागी दाबलेला होता. तो मला दिसला. मी नजर कागदावर वळवली.

तेवढ्यात आंधी आली. खोलीत अंधार झाला, कंदील लावावा लागला. दार ढकलून आमच्या पाच घरांतल्या, सगळे ज्यांना मावशी म्हणत त्या, आत आल्या, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेल्या. त्या लष्करी दवाखान्यात नर्स होत्या आणि ड्यूटी संपवून नेहमी उशिरा येत. पदर झटकता झटकता त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि थांबल्या.

"काय गं, तोंड असं का झालंय? किती वेळ हललं नाही?"

"दोनपासून."

मावशींनी तिला तिथंच आडवं केलं आणि पोटाला कान लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं वर केलं. "आहे. पण मला आवडत नाही. प्रोफेसर, टांगा बघा."

माझ्या तोंडून निघालं, "दोनच परिच्छेद उरलेत."

"ते घोड्याला वाचून दाखवा," मावशी म्हणाल्या.

वादळात टांगा मिळायला वेळ गेला. वाटेत घोडा दोनदा अडला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. दोनला निघालो असतो तर अडीचला पोचलो असतो.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, निळसर, आणि बराच वेळ रडली नाही. मग रडली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पावणेतीन तास आधी आलो असतो तर?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण यायला हवं होतं."

पाच आठवड्यांनी पुन्हा माझी पाळी आली. दुसऱ्या कुणी बोलावं, असं मी घरात म्हणालो. "अर्धं राहिलंय ते पुरं करा," बायको म्हणाली. "मला ऐकायचंय."

मी कागद घेतला नाही. आधी ते पावणेतीन तास सगळ्यांना सांगितले. मग म्हणालो, "देवाला आपली गरज नव्हती, तरी आपण त्याला हवे होतो. त्याच्याजवळ जी प्रीती होती तिच्यात आपल्याला घ्यावं, एवढ्यासाठी हे जग. यापलीकडचं कारण मला पवित्र शास्त्रात सापडलं नाही. त्या शनिवारी मला मूल हवं होतं. पण गरज होती ती माझी सभा नीट पार पडण्याची. मी गरज निवडली." मावशींनी प्रार्थना केली आणि मंडळी लवकर उठली.

सगळे गेल्यावर मी बायकोला विचारलं, "मला क्षमा केलीस का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "प्रार्थना करते रोज. हिला धरा, मला पोळ्या लाटायच्यात."

मी मुलीला घेतलं. तिचा डावा हात सैल होत नाही, पोटात प्राणवायू कमी पडला असावा, हे डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. मी बोटानं तिची मूठ उघडली. सोडल्यावर ती पुन्हा मिटली. मी पुन्हा उघडली, आणि या वेळी सोडली नाही.