चौथ्या पानावरची ओळ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी मामाबद्दल जे सांगणार आहे त्याला तुम्ही हसाल, आणि हसण्याच्या भरात मलाही माफ करून टाकाल. तसं करू नका. माझ्या आईच्या या धाकट्या भावाइतका सरळ माणूस अख्ख्या लालबाग-परळात झाला नाही, आणि त्याच्याइतका डोक्याला ताप देणाराही झाला नाही. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. मिलच्या दरवाजाला कुलूप होतं आणि घराघरांत गावाहून आलेल्या तांदळावर दिवस निघत होते. अशात साचेखात्यात चौदा वर्षं घालवलेल्या या माणसाने एका संध्याकाळी जेवता जेवता जाहीर केलं, की आपण आता विमान चालवायला शिकणार. हौशी नव्हे, प्रवासी भरलेलं विमान, पगारी वैमानिकाचं. मामीने आमटीची पळी तशीच हवेत धरली आणि विचारलं, "आणि तां इमान उतरवतलात खंय? गॅलरीत?"

मामाला समजून घ्यायचं तर आधी साचेखातं समजायला हवं. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, एकदम चालू झाले की शेजारी उभ्या माणसाचाही आवाज कानापर्यंत येत नाही. म्हणून साचेवाले ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखतात. मामा त्यात पट्टीचा. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो समोरच्या चाळीतली भांडणं ऐकायचा, म्हणजे बघायचा, आणि त्यात भागही घ्यायचा. एकदा समोर मुलगी बघायला पाहुणे आले होते. मुलाची आई नवऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजली, तोच मामा रस्त्यापलीकडून गरजला, "ठेंगणी नाय हां बाई! पाच फूट एक आहे पोरगी! चपला काढून मोजलीय!" पाहुणे चहा तसाच टाकून उठले. मुलीचा बाप काठी घेऊन आमच्या जिन्यात आला, तेव्हा मामा त्याला शांतपणे म्हणाला, "अहो, तुमचीच बाजू घेत होतो." त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. खोटं ऐकून गप्प बसणं त्याला जमायचंच नाही, मग ते खोटं दोनशे फुटांवर का असेना.

परळच्या एका सायंकालीन लोकविद्यालयाने त्या वर्षी संपकऱ्यांसाठी वर्ग काढले होते. शिवण, वायरिंग, टायपिंग, आणि त्यांच्याच रांगेत, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, व्यावसायिक वैमानिकाचा लेखी अभ्यासक्रम. तिथे उडायला काहीच नव्हतं, साधा पंखासुद्धा नीट फिरत नव्हता. लेखी पेपर पास होतील आणि डॉक्टरी तपासणीत टिकतील अशा दोघांना जुहूच्या क्लबात सरकारी खर्चाने उडायला मिळेल, असा बेत होता. माझं तर डोकंच फिरलं. माणसाला साच्यावरून उठवून आभाळात बसवायला निघालेत, आणि तो साचा पुन्हा सुरू करायला कुणी तयार नाही! मामाला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "अरे भाच्या, साचा मी सुरू करू शकत नाय. शिकू शकतो. जे माझ्या हातात आहे ते मी करतो."

माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटाच. बीए होऊन फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच कारकून लागलो होतो. गॅलरीत बसून मी वाचायचो, अर्थ सांगायचो, मामा वहीत उतरवायचा. चौथ्या पानावर एक ओळ होती: प्रवेश घेण्याआधी उमेदवाराने डोळे आणि कान तपासून घ्यावेत, त्यात नापास झाल्यास पुढचा अभ्यास व्यर्थ आहे.

मामाच्या कानांबद्दल मला ठाऊक होतं. पाठमोऱ्या मामाला कितीही हाका मारल्या तरी तो वळायचा नाही. "तंद्री लागता ह्यांका," असं मामी म्हणायची, आणि मामाचाही त्यावर ठाम विश्वास होता. समोरच्याचं सगळंच कळत होतं, मग आपल्याला ऐकू येत नाही असं त्याला वाटावं तरी कशाला? मला वाचताना ओठ हलवायची सवय आहे. म्हणून मी पुस्तिका तोंडासमोर धरली, ओळ वाचली आणि पान उलटलं.

"काय लिवलंय?"

"काही नाही, सुट्ट्यांची यादी आहे."

का केलं मी असं? त्याचं मन मोडवेना म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पंधरा दिवसांत खूळ उतरेल असं वाटलं, असंही सांगितलं. खरं कारण क्षुद्र आहे. कचेरीत मी नवा होतो, मला कुणी विचारत नसे. मग एके दिवशी डब्याच्या वेळी मी मामाच्या विमानाची गोष्ट सांगितली आणि साहेबसुद्धा हसले. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसले. "काय रे, तुझा मामा उडाला की नाही अजून?" ती ओळ मी मामाला सांगितली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. आणि मग माझ्याभोवती कोण बसलं असतं?

मामाने गोष्टींचा तुटवडा पडू दिला नाही. विमान सुरू करण्याआधी वैमानिक यादी वाचून एकेक वस्तू तपासतो, हे कळल्यापासून घरात यादीशिवाय काही हलेना. मामी स्टोव्ह पेटवायला बसली की हा वही घेऊन उभा. "रॉकेल?" "आहे." "पंप?" "मारलाय." "पिन?" "मेल्या पिनेचं काय करू मी, डोळ्यात घालू तुमच्या?" "पिन आहे की नाही ते सांग." उत्तर मिळेपर्यंत काडी ओढायला परवानगी नव्हती. एकदा मामाच्या सासरवाडीचे लोक आले असताना स्टोव्हची पिन सापडेना, तर त्यांना तासभर चहा मिळाला नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत नातीगोती आड येऊ देता कामा नयेत, असं मामाचं म्हणणं.

हवामान शिकायला लागल्यावर त्याने चाळीतल्या बायकांशी वैर घेतलं. पूर्वी मिलच्या चिमणीचा धूर बघून वारा कुठला ते कळायचं. चिमण्या गार पडल्या, मग मामाला वारा दाखवायला राहिली फक्त वाळत घातलेली लुगडी. त्याने प्रत्येक मजल्यावर एक लुगडं समुद्राकडच्या टोकाला, एकेरी आणि चिमटे न लावता वाळत घालायचा हुकूम काढला. पहिल्याच आठवड्यात एक लुगडं उडून खालच्या सुताराच्या कारखान्यात सरसाच्या भांड्यात पडलं. बाई कमरेला पदर खोचून आली, तर मामाने घड्याळ बघून वहीत नोंद केली, "बारा वाजून दहा मिनिटं, पश्चिमेचा वारा, जोरदार."

पण कळस झाला तो शीवच्या मावशीकडे जाताना. आमच्या चाळीपासून मावशीचं घर नकाशावर उत्तरेपासून उजवीकडे तीस अंशांवर येतं, आणि विमान सरळ रेषेत जातं, म्हणून आपणही सरळ जायचं, असं त्याने ठरवलं. हातात होकायंत्र, काखेत नकाशा आणि मागे मी, हातात लाडवांचा डबा घेऊन. आम्ही दोन गोदामांतून, एका लग्नाच्या मांडवातून आणि एका शाळेच्या प्रार्थनेतून सरळ रेषेत गेलो. शेवटी कोळीवाड्यात वाळत घातलेल्या जवळ्यावर मामाचा पाय पडला. कोळीण उभी राहिली. "काय रं ए, डोलं फुटलं काय तुजं? माज्या जवल्यावर नाचतंस!" मामा अदबीने म्हणाला, "बाई, डावीकडून वारा आहे. त्यामुळे मी थोडा उजवीकडे सरकलोय." तिने टोपली उचलली आणि ती मामाच्या डोक्यावर बसण्याआधी आम्ही रेषा सोडून धावलो. ही गोष्ट मी कचेरीत तीनदा सांगितली.

जी गोष्ट मी कचेरीत एकदाही सांगितली नाही ती अशी, की हा माणूस अभ्यासात विलक्षण होता. वर्गाचे मास्तर हवाई दलातून निवृत्त झालेले, दादरला राहणारे. ते फळ्याकडे तोंड करून बोलत, तेवढं मामाच्या हाती लागत नसे. मग तो रोज घरी येऊन गाळलेल्या जागा पुस्तकातून स्वतः भरून काढायचा. तोंडी गणितं तर तो मास्तरांच्या आधी सोडवायचा. दोन वर्षांत दिशाशोधन, हवामान, नियम, यंत्र, सगळे पेपर पास. वर्गात तेवीस जण बसले होते, सगळे पेपर सुटलेले दोघेच निघाले, आणि त्यातला एक आमचा साचेवाला. मामी त्या दिवशी चाळभर पेढे वाटत फिरली. तिने मलाही हातावर पेढा ठेवून म्हटलं, "तू वाचून दाखवलंस म्हणून झाला हां."

डॉक्टरी तपासणीला मी त्याच्याबरोबर गेलो. डोळे उत्तम, छाती उत्तम. मग डॉक्टरांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हळू आवाजात आकडे म्हटले. मामा हसऱ्या चेहऱ्याने भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. बऱ्याच वेळाने मामा तसाच भिंतीकडे बघत अदबीने म्हणाला, "करा ना सुरू डॉक्टर, मी तयार आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "यांना आधी कुणी सांगितलं नाही? पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की." मी मान खाली घातली. मामा पाठमोरा होता, त्याला हे कळलंच नाही.

त्या दिवशी मला सगळ्या जगाचा राग आला. चौदा वर्षं ज्या माणसाने कापसाचं कापड विणलं, त्याच्या कानात घालायला त्या मिलमध्ये दोन बोळे कापूस निघू नये? लाखो गासड्या आत जात होत्या! कान गेले ते गेले, वर संपात नोकरी गेली, आणि कुणी साधं सांगितलंसुद्धा नाही, की बाबा रे, तू बहिरा झालायस. मी इतका चिडलो होतो, की मीही त्या न सांगणाऱ्यांतला एक आहे हे त्या रागात मला सोयीस्करपणे विसरता आलं.

मामा कुणावर चिडला असेल तर मास्तरांवर. "कानांचा नियम त्यांना माहीत होता. आधी सांगायचं नाय?" एवढंच तो म्हणाला आणि चिंचपोकळीच्याच एका कारखान्यात लेथवर लागला. मास्तर दर दिवाळीला भेटकार्ड पाठवायचे, मामा ते न उघडता फाडायचा. एकदा ते स्वतः तीन जिने चढून आले, तर मामाने त्यांच्या तोंडावर दार लावलं. मी आत बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मागच्या महिन्यात दादरच्या भाजी मंडईत मास्तर भेटले. हातात काठी, मान थरथरत होती. निकालाच्या दिवशी मला मामाबरोबर पाहिलं होतं, तेवढ्यावरून ओळखून म्हणाले, "तुमचे मामा कसे आहेत? माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी होता तो. माझं त्यांना काय लागलं, ते मला अजून कळलं नाही. विचाराल एकदा?"

मी पिशवी घेऊन थेट मामाकडे गेलो. तो पालेभाजी निवडत बसला होता. त्याच्यासमोर बसलो आणि बोलायला लागलो. तेव्हा मी लहान होतो, तुझा संपाचा काळ होता, मामी काळजीत होती, मला वाटलं तुझं खूळ पंधरा दिवसांत सुटेल, म्हणून पुस्तिकेतली एक ओळ राहून गेली. मामाने भाजी बाजूला केली.

"परत बोल."

मी परत बोललो. या वेळी बोलण्यातून मामी गळली, पंधरा दिवसही गळले.

"राहून गेली?" मामाने विचारलं. "परत बोल."

"राहून गेली नाही. मी वाचली होती."

त्याने उठून खुंटीवरचा शर्ट घातला, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाला, "म्हणजे त्या म्हाताऱ्याला मी उगाच छळलं एवढी वर्षं. चल. हे त्यांच्यासमोर बोलायचं."

दादरला मास्तरांनीच दार उघडलं. मामाला बघून ते बाजूला झाले. आत जाऊन मामा त्यांच्या पाया पडला आणि माझ्या ओठांकडे बघत उभा राहिला. बोलायचं होतं मला.

"मास्तर, तुमचा दोष नाही," मी म्हणालो. "मामा, तुझे कान गेलेत हे मला माहीत होतं. चौथ्या पानावरची ओळ मी वाचली आणि लपवली, कारण तुझ्या गोष्टी सांगून मला लोकांना हसवायचं होतं. मी तुम्हा दोघांचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."